‘काम खूप असतं का?’ हा एकच प्रश्न सगळ्या व्यवसायांना विचारता येतो का?

मोजपट्टी

नमस्कार मंडळी. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याची सर्वेक्षणं करणं हा माझा व्यवसाय. एक गोष्ट बरेच दिवस मनात सलते आहे. इथे नाना तऱ्हेची कामं करणारी माणसं आहेत म्हणून ती इथेच मांडते.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेत सर्वेक्षण केलं. हिशेब विभाग, परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, चालक, सुरक्षारक्षक असे सगळे एकाच आवारात. तयार प्रश्नावली वापरली, भाराचे प्रश्न होते त्यांची बेरीज केली आणि प्रत्येक गटाचा एक आकडा काढला. हिशेब विभाग सगळ्यात वर आला, सुरक्षारक्षक सगळ्यात खाली. ‘रक्षकांवर कामाचा भार कमी आहे’ हे वाक्य अहवालात मी स्वतः लिहिलं. निष्कर्ष सांगायला गेले तेव्हा एक रक्षक सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, “मॅडम, तुम्ही विचारलंत वेगाने काम करावं लागतं का. मला वेगाने काहीच करायचं नसतं. मला बारा तास काही होऊ द्यायचं नसतं.”

तो अहवाल मागे घेता आला नाही. पण त्या वाक्याने मला पुन्हा अभ्यासाला बसवलं.

थोडी पार्श्वभूमी देते. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये एक प्रारूप मांडलं. कामाचा भार किती आणि ते काम कसं करायचं हे ठरवण्याची मुभा किती, अशा दोन अक्षांवर कोणतंही काम ठेवायचं. भार जास्त आणि मुभा कमी, तिथे माणूस पिचतो. भार जास्त पण मुभाही जास्त, ते काम माणसाला घडवतं. अमेरिका आणि स्वीडनमधल्या सर्वेक्षणांवर हे उभं होतं. पुढे १९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल यांनी सहकाऱ्यांचा आधार हा तिसरा अक्ष जोडला. या प्रारूपाने फार मोठं काम केलं आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. अडचण पहिल्या अक्षाची आहे. त्या परंपरेतल्या प्रश्नावलीत भाराचे मूळ पाच प्रश्न आहेत: खूप वेगाने काम करावं लागतं का, खूप कष्टाने करावं लागतं का, अवाजवी काम सांगितलं जातं का, वेळ पुरतो का, परस्परविरोधी अपेक्षा असतात का. ज्याच्या कामात ‘उरक’ महत्त्वाचा, त्याला हे प्रश्न बरोबर लागू पडतात. बाकीच्यांचं काय?

माझा प्रश्न असा: तुमचं काम तुमच्याकडून नेमकं काय मागतं? आणि आजवर भरलेल्या कुठल्याही प्रश्नावलीत ते आलं होतं का?

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. तुमचा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आम्हालाही असा फॉर्म दिला होता. ‘काम वेळेत पूर्ण होतं का?’ मी ‘नेहमी’वर खूण केली. ते खरंच होतं. औषधं वेळेवर जातात, नोंदी पूर्ण होतात, पाळी संपताना काही शिल्लक नसतं. पण त्या रात्री एक रुग्ण गेला होता. त्याच्या मुलीला फोन मी केला होता. फोन ठेवून शेजारच्या खाटेकडे गेले, तिथल्या आजोबांना दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते, त्यांच्याशी हसून बोलले. मधे दहा पावलांचं अंतर होतं. या दहा पावलांबद्दल फॉर्ममध्ये एकही प्रश्न नव्हता.

मोजपट्टी

@रात्रपाळी, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार.

तुमच्या एका प्रसंगात दोन वेगळे भार आहेत. एक म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाला सामोरं जाणं. दुसरा म्हणजे स्वतःच्या मनात जे चाललं आहे ते चेहऱ्यावर येऊ न देणं. डेन्मार्कमध्ये तागे क्रिस्टेन्सेन आणि सहकाऱ्यांनी जी कोपनहेगन प्रश्नावली तयार केली (‘कोपसॉक’ नावाने ओळखली जाते, आता तिची तिसरी आवृत्ती वापरात आहे), तिने हे दोन्ही वेगळे ठेवले. कामामुळे भावनिकदृष्ट्या हलवून टाकणारे प्रसंग येतात का, हा एक गट. भावना लपवाव्या लागतात का, हा दुसरा. शिवाय कामाचं प्रमाण, कामाचा वेग आणि बौद्धिक भार यांचेही गट स्वतंत्र. प्रत्येक गटाला ० ते १०० मध्ये वेगळा गुण. एका व्यवसायाच्या या सगळ्या गुणांची रेषा समोर आली की त्या कामाचा तोंडवळा दिसतो. एका बेरजेत तो पुसला जातो.

हेडसेट

रात्रपाळी यांच्या प्रतिसादापुढे माझं दुखणं लहान वाटेल, तरी लिहितो. मी दूरध्वनीवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकतो. माझ्या कामात कोणाचं मरण नाही. तसं पाहिलं तर फार हलवून टाकणारंही काही नाही, लोकांचं बिल चुकलेलं असतं. पण दिवसाला कित्येक अनोळखी माणसं माझ्यावर ओरडतात आणि माझा आवाज मात्र पहिल्या कॉलइतकाच शेवटच्या कॉललाही गोड राहावा लागतो. कॉल ध्वनिमुद्रित होतात. दोन कॉलमधलं अंतर सेकंदांत मोजलं जातं. म्हणजे मोजपट्टी यांनी सांगितलेला दुसरा गट माझ्याकडे काठोकाठ आणि पहिला जवळजवळ रिकामा. वर वेग.

मोजपट्टी

@हेडसेट, लहान अजिबात नाही. ‘भावनिक श्रम’ ही कल्पना समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विस्ताराने मांडली तेव्हा त्यांनी अभ्यासलेल्या लोकांत विमानातल्या हवाई सेविका होत्या आणि थकबाकी वसूल करणारेही होते. एकीला प्रवाशाची प्रसन्नता जपायची, दुसऱ्याला समोरच्यावर दबाव आणायचा. दिशा उलट, पण पगाराच्या बदल्यात विशिष्ट भावना दाखवायची सक्ती दोघांनाही. तुम्ही केलेली फोड (लपवणं जास्त, हेलावणं कमी) हीच या दोन गटांना वेगळं ठेवण्यामागची खरी निकड आहे. बेरीज केली तर तुम्ही आणि रात्रपाळी सारखेच दिसाल. आणि उपाय? तुम्हाला दोन कॉलमध्ये उसंत हवी, त्यांना पाळी संपल्यावर कोणाशी तरी बोलायची सोय हवी.

आकडेमोड

संख्याशास्त्र शिकवते. बेरजेच्या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहू द्या, कारण चूक नेमकी कुठे होते ते दाखवता येतं.

काही प्रश्न एकाच गोष्टीची लक्षणं असतात. ताप, अंगदुखी, थकवा हे एकाच आजारातून येतात, एक वाढलं की बाकीचीही वाढतात, म्हणून त्यांची बेरीज अर्थपूर्ण असते. भाराचे प्रकार तसे नाहीत. समजा, डोंगरवाट आहे. चढ, निसरडेपणा आणि पाठीवरचं ओझं, तिन्हींमुळे चाल अवघड होते. पण ओझं वाढलं म्हणून चढ वाढत नाही. कामाचा वेग आणि दुसऱ्याच्या दुःखाशी येणारा संबंध यांचं नातं असंच आहे. अशा ठिकाणी ‘प्रश्न एकमेकांशी जुळतात का’ ही अंतर्गत सुसंगतीची नेहमीची चाचणी (क्रोनबाखचा अल्फा) लावायची आणि न जुळणारे प्रश्न काढून टाकायचे, हे घातक ठरतं. न जुळणारा प्रश्न हाच बहुधा एखाद्या व्यवसायाचा मुख्य भार असतो. तो काढला की तो व्यवसायच मोजणीतून गेला.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. तोच प्रश्न दोन व्यवसायांत वेगळा वागतो. ‘तुमची कामं साचून राहतात का?’ हा प्रश्न घ्या. शिक्षिकेच्या टेबलावर तपासायच्या वह्या साचतात. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर काम करणाऱ्याचं काम साचूच शकत नाही, पट्टा पुढे सरकतो. भार दोघांवर सारखा असला तरी एक ‘नेहमी’ म्हणेल आणि दुसरा ‘कधीच नाही’. मोजपट्टी यांनी उल्लेख केलेल्या क्रिस्टेन्सेन यांच्याच गटाने २००४ मध्ये हे दाखवून दिलं की कामाचा वेग आणि कामाचे तास या दोन गोष्टी ‘कामाचं प्रमाण’ या एका नावाखाली कोंबल्या गेल्या होत्या. एक म्हणजे किती घाईने, दुसरं म्हणजे किती वेळ. काही व्यवसायांत पहिलं टोकाचं असतं आणि ठरलेल्या वेळी सुट्टी होते. काहींत वेग बेताचा, पण दिवस संपतच नाही. कोणते प्रश्न प्रश्नावलीत जास्त आहेत, त्यावर कोण ‘जास्त भाराखाली’ ठरणार हे आधीच ठरून जातं.

सुतारपक्षी

मी त्या पट्ट्यावरचा माणूस. गोळ्यांची पाकिटं समोरून जातात, मी बघत असतो. फुटलेली, रिकामी, छपाई चुकलेली दिसली की बाजूला काढायची. हात फारसे चालत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बसून पगार. पण डोळ्यात तेल घालून बसणं म्हणजे काय ते तासाभराने कळतं. शंभरातली नव्व्याण्णव पाकिटं चांगली असतात, हीच तर पंचाईत आहे. आणि पट्टा थांबवायचा अधिकार मला नाही. बदली माणूस आल्याशिवाय पाणी प्यायलाही उठता येत नाही.

मोजपट्टी

@सुतारपक्षी, त्या सुरक्षारक्षकाचा भार आणि तुमचा भार एकाच जातीचा आहे, तुमचं वाचताना ते लख्ख दिसलं.

याचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा निसटायच्या. नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक साधा प्रयोग केला आणि १९४८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एक काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरकतो, क्वचित एखादी दुप्पट उडी मारतो, ती ओळखायची. दोन तास बसायचं. पहिल्या अर्ध्या तासातच पकड ढिली पडत होती. म्हणजे ‘काहीच घडत नाही’ हा विसावा नसतो, ते काम असतं, आणि माणसाला ते फार वेळ झेपत नाही.

कारखान्यांतल्या कामासाठी ब्रिटनमधल्या जॅक्सन, वॉल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मोजमाप तयार केलं, त्यात लक्ष ठेवण्याचा भार, अडचण सोडवण्याचा भार आणि उत्पादनाची जबाबदारी हे तीन वेगळे ठेवले. चूक झाली तर महागडं यंत्र बंद पडेल किंवा मोठं नुकसान होईल, ही टांगती तलवार त्यांनी भार म्हणून मोजली. मला हे काम वाचूनही वापरायचं सुचलं नव्हतं, ही माझी चूक.

आणि तुमच्या ‘पट्टा थांबवता येत नाही’ या वाक्याबद्दल. १९७८ मध्ये स्वीडनच्या लाकूड कापणाऱ्या गिरण्यांत एक अभ्यास झाला. यंत्राच्या तालावर बांधलेल्या कामगारांची तुलना त्याच गिरण्यांतल्या मोकळेपणाने काम करणाऱ्यांशी केली. बांधलेल्या गटाच्या लघवीत ॲड्रेनलिनचं (ताणाच्या वेळी शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकाचं) प्रमाण जास्त होतं आणि पाळी संपत येईल तसं ते वाढत जात होतं. इतरांचं उतरत होतं. अंग शेवटच्या तासाला सर्वात जास्त ताणलेलं, आणि त्याच अवस्थेत माणूस घरी जातो.

निळीशाई

चर्चा चांगली चालू आहे, पण मला एक शंका रास्त वाटते, ती मांडतो. मी प्रशासनात आहे. असे अहवाल माझ्या टेबलावर येतात. प्रत्येकाला आपलंच काम जड वाटतं. मग लोकांना विचारून काय मिळणार? तास मोजा, प्रकरणं मोजा, रुग्ण मोजा. जे दिसतं ते मोजा.

दुसरं म्हणजे, कठीण काम सगळ्यांना नको असतं असं नाही. मला अवघड प्रकरण दिलं की हुरूप येतो.

मोजपट्टी

@निळीशाई, शंका रास्तच आहे.

तास मोजायलाच हवेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जे गणित मांडलं ते तासांवरच उभं आहे: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त. पण तासांमधून रात्रपाळी यांची दहा पावलं कशी मोजणार? रुग्णांची संख्या मोजलीत तर बारा म्हणजे बारा. त्यातला एक मरणाच्या दारात आहे हे संख्येत येत नाही.

‘प्रत्येकाला आपलंच जड वाटतं’ याला संशोधकांनी एक उत्तर शोधलं, ते मुळात धूळ, आवाज, रसायनं यांच्या मोजणीतून आलं. जॉब एक्स्पोजर मॅट्रिक्स म्हणतात. एका व्यवसायातल्या खूप लोकांची उत्तरं घ्यायची, सरासरी काढायची आणि त्या व्यवसायातल्या प्रत्येकाला तोच गुण द्यायचा. म्हणजे एखाद्याचं मन त्या दिवशी खचलेलं असलं तरी त्याचा रंग मोजणीवर चढत नाही. अमेरिकेच्या श्रम विभागाचा ओ-नेट हा माहितीसाठाही व्यवसायनिहाय आहे. रागावलेल्या माणसांशी किती गाठ पडते, घाईचं दडपण किती, चुकीचा परिणाम किती गंभीर, असं सगळं त्यात व्यवसायागणिक मिळतं.

आकडेमोड

इथे मधे पडते, कारण मॅट्रिक्सचा उत्साह आटोक्यात ठेवायला हवा. व्यवसायाचं नाव कळलं की त्या माणसाला निर्णयाची मुभा किती, याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. कारकून आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यात तो फरक उघड असतो. भाराचं तसं नाही. करासेक यांच्या प्रश्नावलीवर वेगवेगळ्या देशांत काम झालं, त्यात हे पुन्हा पुन्हा दिसलं: भाराच्या गुणांतला बहुतेक फरक व्यवसायांच्या आत असतो, व्यवसायांमधला फरक फारच थोडा. अतिदक्षता विभागातली परिचारिका आणि बाह्यरुग्ण विभागातली परिचारिका, मॅट्रिक्समध्ये दोघी एकच.

हा फरक इतका थोडा का दिसतो? एक शक्यता अशी की लोक स्वतःची तुलना शेजारच्या टेबलाशी करतात. हेडसेट यांना ‘वेगाने काम करावं लागतं का’ विचारलं तर ते त्यांच्याच दालनातल्या लोकांकडे बघून उत्तर देणार. दुसरी शक्यता आपण वर बोललोच: प्रश्नच असे की सगळ्या प्रकारांचं कालवण होतं, आणि कालवणात सगळे व्यवसाय मधल्या पातळीवर येतात. भावनिक भार वेगळा काढला की व्यवसायांमधलं अंतर चटकन मोठं दिसतं.

वरिष्ठांचीही एक गंमत सांगते. लंडनच्या सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल दोन’ अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला, १०,३०८ लोक होते. त्यात भार जास्त असल्याचं सांगणाऱ्यांत वरच्या श्रेणीचे लोक पुढे होते. पण हृदयविकार खालच्या श्रेण्यांत जास्त होता. तिथे कळीचा मुद्दा मुभेच्या अभावाचा निघाला. म्हणून एकटा भाराचा आकडा कोणत्याच निष्कर्षाला पुरत नाही.

रात्रपाळी

@निळीशाई, हुरूप येतो हे पटतं. मलाही येतो. अवघड रुग्ण वाचतो तेव्हा जे वाटतं ते दुसऱ्या कशातही नाही. पण तोच रुग्ण, तेच उपचार, आणि पाळीवर चारच्या जागी आम्ही दोघी असलो की हुरूप राहत नाही. रुग्ण बदललेला नसतो.

मोजपट्टी

हे फार महत्त्वाचं आहे. २००० मध्ये कॅव्हनॉ आणि सहकाऱ्यांनी भाराची आव्हानात्मक आणि अडथळ्याचे अशी विभागणी सुचवली. वेळेचं दडपण, कामाचं प्रमाण, जबाबदारी आव्हानात. कागदी जंजाळ, अस्पष्ट भूमिका, अंतर्गत राजकारण अडथळ्यात. ही विभागणी उपयोगी आहे, पण तिचे शिक्के प्रश्नांवर आधीच मारून ठेवणं मला पटत नाही. रात्रपाळी यांनी तीन ओळींत दाखवलं की आव्हान कुठे संपतं ते हाताशी किती माणसं आहेत यावर ठरतं. मी भार मोजेन आणि आधार मोजेन, आणि दोन्ही शेजारी ठेवेन. ‘हा भार चांगला’ हे प्रश्नावलीने ठरवू नये.

खडूफळा

शिक्षक आहे. मला मोजणीतलं फार कळत नाही, भाषेतलं थोडं कळतं. तुमच्या प्रश्नावल्यांचे अनुवाद मी पाहिले आहेत. ‘आपल्या कामाच्या भावनिक मागण्या कितपत आहेत?’ मागण्या म्हटलं की निवेदन घेऊन मोर्चा निघाल्यासारखं वाटतं. असं वाक्य कोण बोलतं? ज्याला प्रश्न समजला नाही तो मधल्या पर्यायावर खूण करून मोकळा होतो, आणि मग तुमचे सगळे व्यवसाय मधल्या पातळीवर येतात. आकडेमोड यांनी दिलेल्या कारणांत हे तिसरं धरा.

आपल्या भाषेत हे प्रकार आधीपासून वेगळे आहेत हो. वेगाला आपण धावपळ म्हणतो. प्रमाणाला ढीग. बौद्धिक कामाला डोकेफोड. सुतारपक्षी यांनी स्वतःहून डोळ्यात तेल घालणं म्हटलं. भावना लपवणं म्हणजे मन मारून बोलणं. दोन साहेबांच्या दोन आज्ञा म्हणजे कात्रीत सापडणं. जबाबदारीसाठी जिवाला घोर. हे शब्द वापरून प्रश्न करा, लोक लगेच उत्तर देतील.

आकडेमोड

@खडूफळा, तुमची यादी वाचून खरंच आनंद झाला. तिसरं कारण मान्य.

एकाच शब्दावर अडते. ‘जिवाला घोर’ हा भार नाही, भाराने माणसाचं काय होतं ते आहे. एकाच कामाने एकाला घोर लागेल, दुसऱ्याला नाही. आपण भाराच्या प्रश्नात घोर विचारला आणि मग ‘भारामुळे झोप उडते का’ हे तपासलं, तर एकाच गोष्टीची स्वतःशी तुलना केल्यासारखं होईल. संबंध फार घट्ट दिसेल आणि तो फसवा असेल. ‘ताण’ या शब्दाचंही हेच आहे. तो आपण दोरीवर पडणाऱ्या ओढीलाही वापरतो आणि दोरी किती ताणली गेली यालाही.

मोजपट्टी

म्हणूनच मी आता ‘भार’ म्हणते. प्रश्न असा करायचा की काम काय मागतं ते कळावं, तुम्हाला कसं वाटतं ते नको. ते वेगळ्या पानावर विचारायचं. ‘जिवाला घोर’ऐवजी: ‘तुमच्या हातून चूक झाली तर दुसऱ्या कोणाला इजा होईल, असं काम तुम्हाला किती वेळा करावं लागतं?’ खडूफळा, याला तुमची मान्यता?

खडूफळा

मान्य. फक्त ‘इजा होईल’ऐवजी ‘इजा होऊ शकेल’ करा.

स्टिअरिंग

तीन दिवस वाचतोय, आज लिहितो. बस चालवतो.

कात्री काय असते ते मी सांगतो. वेळापत्रक म्हणतं अमुक वाजता त्या थांब्यावर पोच. नियम म्हणतो वेग मर्यादेत ठेव. प्रवासी म्हणतो मी धावत येतोय, थांब. तिन्ही एकदम पाळता येत नाहीत. उशीर झाला तर नोंद माझ्या नावावर, अपघात झाला तर माझ्या नावावर, प्रवासी सुटला तर तक्रार माझ्या नावावर. यातलं काय तोडायचं ते रोज मीच ठरवतो, पण ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

आणि अजून एक. आमच्याकडे असा फॉर्म एकदा भरून घेतला तेव्हा वर नाव लिहायचं होतं. मी सगळीकडे ‘कधीच नाही’ लिहिलं. माझ्या ओळखीच्या सगळ्यांनी तेच केलं.

निळीशाई

हे वाचून मला माझ्या टेबलावरचे जुने अहवाल आठवले. चालकांचे आकडे नेहमी सुरेख असायचे. मी त्यावर समाधानाने सही केली आहे. नावं घेतली होती का, हे मी कधी विचारलं नाही.

मोजपट्टी

@स्टिअरिंग, नाव लिहून घेतलेली मोजणी रद्दीत टाकावी, माझं मत स्पष्ट आहे. जपानमध्ये डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी दरवर्षी अशी तपासणी बंधनकारक आहे. तिथे एका माणसाचा निकाल त्याच्या संमतीशिवाय मालकाला देता येत नाही. गटाचा आकडा तेवढा देतात. ही अट नसेल तर बाकी सगळी शास्त्रीय काळजी वाया जाते.

तुमच्या कात्रीचा प्रश्न करासेक यांच्या पाचांत होता, बघा. परस्परविरोधी अपेक्षा. पण पाचांतला एक, बेरजेत विरघळलेला.

आता कच्चा मसुदा टाकते. तुम्ही सगळ्यांनी तो आपापल्या कामावर लावून पाहा. प्रत्येकाला पर्याय: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी.

‘श्वास घ्यायला उसंत मिळू नये इतक्या वेगाने काम करावं लागतं का?’ ‘ठरलेली वेळ संपल्यावरही काम करावं लागतं का?’ ‘विशेष काही घडत नसतानाही नजर हटवून चालत नाही, असं काम असतं का?’ ‘दुसऱ्याचं दुःख किंवा वेदना जवळून पाहावी लागते का?’ ‘मनात राग किंवा वाईट वाटत असताना ते न दाखवता बोलावं लागतं का?’ ‘एक सूचना पाळली तर दुसरी मोडते, असं होतं का?’ ‘तुमच्या चुकीमुळे दुसऱ्या कोणाला इजा होऊ शकेल असं काम असतं का?’

हेडसेट

पहिला बऱ्याचदा, दुसरा क्वचित, तिसरा कधीच नाही, चौथा क्वचित, पाचवा नेहमी, सहावा बऱ्याचदा (‘कॉल लवकर संपवा’ आणि ‘ग्राहकाचं पूर्ण समाधान करा’), सातवा कधीच नाही. हो, हे माझं काम आहे. पहिल्यांदाच कागदावर ओळखू आलं.

सुतारपक्षी

तिसऱ्या प्रश्नात ‘नेहमी’ लिहिलं, पण ते मला पुरेसं वाटत नाही. ‘किती वेळा’ हे ज्या गोष्टी येतात आणि जातात त्यांच्यासाठी ठीक आहे. ग्राहक ओरडतो, थांबतो. माझं काम येत-जात नाही. पट्टा सुरू झाला की सुरू. आमच्याकडे पॅकिंगवालाही ‘नेहमी’ लिहील, कारण त्यालाही रोज तासभर तपासणीवर बसवतात. रोज म्हणजे नेहमीच की. मी आठ तास बसतो.

आकडेमोड

अगदी नेमकं पकडलंत. वारंवारता आणि कालावधी यांची गल्लत आहे ही.

मोजपट्टी

युरोपियन युनियनच्या देशांत कामाच्या परिस्थितीचं जे मोठं सर्वेक्षण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून होत आलं आहे, त्यात वेगाच्या प्रश्नाला वेळेच्या हिश्श्याचे पर्याय दिले होते: पूर्ण वेळ, पाऊण वेळ, अर्धा वेळ, पाव वेळ अशा उतरत्या पायऱ्या. मी ते ब्रिटिश मोजमाप वाचलं, हे सर्वेक्षण वाचलं, आणि दोन्ही एकत्र आणायचं डोक्यात आलं नाही.

पहिला, तिसरा आणि सातवा प्रश्न बदलते. ‘पाळीचा किती भाग?’ असं विचारेन. बाकीचे ‘किती वेळा’वर राहू देत. मग @सुतारपक्षी, तुमचं उत्तर?

सुतारपक्षी

पूर्ण पाळी. पॅकिंगवाल्याचं पाव वेळेहून कमी.

मोजपट्टी

त्या रक्षकांचा फोन नंबर माझ्याकडे नाही, पण ते कोणत्या फाटकावर असतात ते माहीत आहे. सोमवारी बदललेला कागद घेऊन जाते, नाव न लिहिता भरायला सांगते.